चालू गाडीला धक्का

नवऱ्याचं नाव घ्या म्हटलं की बायका उखाणे जुळवत बसतात. मी सरळ घेते. रखमाजी. भोरच्या बाजारातून खाली नदीकडं उतरलं की पत्र्याचं एक गॅरेज लागतं, त्याचा मालक, मिस्त्री आणि हमाल, सगळं तोच. समोर असला की मी "अहो" म्हणते. पण तुम्हाला सांगताना अहो-जाहो करत बसले तर रागानं बोलता यायचं नाही, आणि मला आज रागानंच बोलायचंय.

माणूस मूळचा पासलीचा, वेल्ह्याच्या पलीकडं, डोंगरात. घरची भाताची खाचरं होती, पण त्या चिखलाचा ह्याला लहानपणापासून तिटकारा. शाळा सोडून भोरला आला आणि एका गॅरेजात हात काळे करायला लागला. मी भोरचीच. माझ्या वडलांची जीप तिथं दुरुस्तीला असायची. स्थळ पाहताना वडील म्हणाले होते, "सरोज, पोरगा तोंडाळ आहे, पण हाताला गुण आहे." दोन्ही खरं निघालं. गुण एवढा, की लोकांनी भंगारात काढलेली जीप उठवायचा. आणि तोंड एवढं, की ती उठल्यावर आठवडाभर चहाच्या टपरीवर तेच पुराण. "माझ्या हाताखालनं गेलेली गाडी न्हाई म्हनत न्हाई." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की भाकरी थापताना माझा हात त्याच तालावर पडतो.

मग त्यानं ती काळी गाडी आणली. भोरातल्या एका वकिलांच्या घरी शेडमध्ये पडून होती, संस्थानाच्या काळातली. गोल दिवे, बाजूला चढायला पायरी, आत कोंबड्यांनी घर केलेलं. वकिलांच्या मुलांना जागा मोकळी हवी होती, ह्याला डोकं फिरायला निमित्त हवं होतं. मी म्हटलं, "अहो, हिच्यापेक्षा म्हैस आणली असती तर दूध तरी मिळालं असतं." तर म्हणतो कसा, "म्हशीला सेल्फ नसतो."

सेल्फ होता, पण चालू कोण होतंय! रोज सकाळी घर्र घर्र करायची आणि गप्प बसायची. समोर हँडल घालून फिरवायला गेला तर उलट झटका बसून मनगट सुजलं. मग हा हट्टाला पेटला. पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, प्लग तापवून साफ केले, कार्बोरेटर सोडवून माझ्या पोळीच्या परातीत पेट्रोलनं धुतला. ती परात मी परत कणकेला घेतली नाही. शेवटी सापडलं काय, तर बॅटरीची अर्थिंगची वायर जिथं लोखंडाला लावली होती तिथं गंज. खरवडून आवळली. "नूतन, मार!" म्हणून ओरडला. नूतननं सीटवर बसून सेल्फ मारला आणि गाडी एका झटक्यात चालू झाली.

नूतन म्हणजे ह्याची भाची. आम्हाला मूलबाळ नाही. ह्याची बहीण साळूबाई पासलीत असते, तिचा नवरा लवकर गेला, म्हणून पोरगी कॉलेजसाठी आमच्याकडं राहिली आणि आमचीच होऊन गेली. त्या दिवशी दोघं मामा-भाची गाडीभोवती असे नाचले की शेजारचे बघायला आले. रखमाजीनं तिथंच जाहीर करून टाकलं, "माजी नूतन सासरी जाईल ती ह्याच गाडीतनं."

तेव्हापासून रोज अंघोळ झाली की देवाआधी गाडी. सेल्फ मारायचा, चालू झाली की बंद करायचा, हसत घरात यायचा. रोज सकाळी. गाडी थंडगार असताना. हे लक्षात ठेवा, कारण त्यानं ठेवलं नाही.

लग्न वैशाखात झालं. मुलगा धनाजी, शिरवळच्या कंपनीत कामाला, दिसायला बरा, आईसमोर मुका. घर गुंजवण्याकडचं. जुनी वाडी धरणात गेली, आता नव्या जागी स्लॅबची घरं आणि वाडीच्या तोंडाशी सिमेंटची कमान. घरं हलवली, मारुती हलवला, आणि डोक्यातली खुळंही सगळी जपून बरोबर आणली, त्यातलं एकसुद्धा पाण्यात जाऊ दिलं नाही.

नसरापूरच्या कार्यालयात अक्षता पडल्या. फुलवाल्यांनी काळी गाडी अशी सजवली की बघत राहावं. समोरच्या जाळीवर तर झेंडूचा जाड पडदाच सोडला होता. रखमाजी नवा फेटा बांधून स्टिअरिंगला बसला, पाठीमागं नूतन आणि धनाजी. रस्त्यानं गाडी मस्त पळाली. पण वाडीच्या फाट्याला डीजेचा टेम्पो पुढं लागला आणि वरात मुंगीच्या पावलानं निघाली. वैशाखातला उकाडा, पहिला गिअर, पोरं टेम्पोमागं नाचतायत, पुढं जायचं नाव नाही. असं करत कमानीखाली आलो. तिथं नारळ फोडायचा, लिंबू उतरवायचं, म्हणून गाडी बंद केली.

ती बंद केली ती केलीच.

सेल्फ मारला. घर्र घर्र. पुन्हा मारला. चोक ओढला, तर गाडी आणखीच रुसली. रखमाजी फेटा काढून खाली उतरला, बॉनेट उघडलं, प्लग काढले, पुसले, घातले. तोवर अख्खी वाडी भोवती गोळा. डीजेवाल्यानं गाणं बंद केलं, त्यामुळं प्रत्येकाचं बोलणं ऐकू यायला लागलं. मग हँडल घातलं. घामानं शर्ट अंगाला चिकटला, तरी काही नाही. एकदा दमून उभा राहिला आणि त्यानं गाडीत बघितलं. नूतनकडं. तिच्या पायांकडं. क्षणभरच. पण मी बघितलं, आणि पोरीनंही बघितलं.

नवी नवरी उंबऱ्याआधी जमिनीवर पाय ठेवत नाही म्हणून तिला उतरूही देईनात. शेवटी पोरांनी गाडीला मागून धक्का मारला. "धक्का! धक्का!" असा ओरडा करत, शिट्ट्या मारत गाडी दारापर्यंत ढकलत नेली. सासू बनाबाई ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी होती. बाई उंच, आवाज बसका, बोलते कमी. तिनं गाडीकडं बघितलं, सुनेकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "ही तर धक्क्यावर आली."

बायका हसल्या. झालं, पोरीला नाव पडलं. धक्का.

आधी गमतीत होतं. मग पावसाळ्यात सासरा खाचराच्या बांधावरून घसरून हात मोडून बसला आणि गमतीतली गंमत गेली. दूध नासलं, धक्का. मिक्सर जळला, धक्का. गाय गाभण राहीना, धक्का. "ए धक्के, पानी आन." "ए धक्के, शुभकामाला निघालोय, आडवी येऊ नगंस." नवरा कंपनीतून येऊन जेवून झोपायचा. त्याला ऐकू येत नव्हतं असं नाही, त्यानं ऐकायचं सोडलं होतं. नागपंचमीला पोरगी माहेरपणाला आली ती पासलीला न जाता आमच्याकडंच भोरला आली, आणि सासरहून न्यायला कुणी आलंच नाही. गौरी-गणपती झाले, नवरात्र बसलं. ही रोज फोन करायची. धनाजी म्हणायचा, "आई काय म्हनती बघतो." मेला, आईच बघत बसला.

नूतन रडली असती तर बरं झालं असतं. ती रडायची नाही. गाडीच्या शेडकडं जायची नाही एवढंच. रखमाजी सकाळी सेल्फ मारायचा तेव्हा ती मागच्या दारात भांडी घासत असायची, आणि गाडी चालू झाली की तिचा हात थांबायचा. एकदा मला म्हणाली, "मामी, रोज होते गं चालू. मी बसले तेव्हाच कशी नाही झाली?" मी म्हटलं, "अगं, पहिल्यांदा चालू झाली तेव्हा सीटवर तूच होतीस ना!" तर म्हणाली, "तेव्हा मी नवरी नव्हते." कॉलेज शिकलेली पोरगी!  ते नाव तिच्या आत जाऊन बसलं होतं.

रखमाजीनं त्या दिवसांत गाडीची पुन्हा पुन्हा तपासणी केली, पण बिघाड सापडेना. सापडणार कसा, सकाळी थंड गाडीला काही झालेलंच नव्हतं.

सापडला दसऱ्याला. गॅरेजवाल्यांचा मोठा सण. हत्यारं पुजली, काळ्या गाडीला झेंडूची जाड माळ घातली, ती बरोबर त्या जाळीवर. देवळापर्यंत गर्दीतून मुंगीच्या पावलानं नेली, दारात बंद केली, नारळ फोडला. आणि सेल्फ मारला तर घर्र घर्र. गप्प.

मी शेजारीच होते. मला वाटलं, आता हा माणूस इथंच कोसळतो. पण तो हसायला लागला. वेड्यासारखा. उतरून त्यानं जाळीवरची माळ ओरबाडून काढली, बॉनेट उघडलं आणि पेट्रोलच्या नळीला बोट लावलं. चटका बसला. "सरोज, फडकं भिजवून आन!" देवळाच्या नळावर माझा रुमाल भिजवून दिला, त्यानं तो पेट्रोलच्या पंपावर गुंडाळला. चर्र झालं. थोडा वेळ थांबलो. मग सेल्फ मारला आणि गाडी चालू.

मग मला समजावून सांगितलं, अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात. जाळीवर फुलं, म्हणजे इंजिनाला वारा नाही. गाडी हळू, म्हणजे आणखी ताप. तशात बंद केली की सायलेन्सरच्या पाइपाशेजारून जाणाऱ्या नळीत पेट्रोलची वाफ होते, वाफ पंपाला ओढता येत नाही, आणि इंजिन पेट्रोलावाचून कोरडं राहतं. "झेंडूनं मारलं गं आपल्याला," म्हणाला. "पोरीचा काय बी संबंध न्हाई. म्या मूरख. थंड गाडी तपासत बसलो."

घरी येऊन नूतनला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही माझे मामा आहात. तुम्ही असंच म्हणणार."

ते त्याला लागलं. मग त्यानं ठरवलं, हे त्याच वाडीत, त्याच कमानीखाली, त्याच माणसांसमोर दाखवायचं. गिऱ्हाइकांच्या गाड्या बाजूला सारल्या. पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून लांबून फिरवली, मधे पत्र्याचा आडोसा केला, नळीवर ताप न लागणारी दोरी गुंडाळली. गल्लीत पहिल्या गिअरवर फेऱ्या मारून, इंजिन तापवून, बंद करून, पुन्हा चालू करून बघितली. एकदाही अडली नाही. दिवाळीच्या पाडव्याला निघायचं ठरलं. नूतनला घरीच ठेवलं. निघताना बघते तर तिनं आपली बॅग भरून दाराशी ठेवली होती.

जाताना जाळीवर झेंडूचा पडदा सोडला, लग्नात होता तसाच. फाट्यापासून कमानीपर्यंत पहिल्या गिअरवर. पोरं मागं धावायला लागली, सणाचा दिवस, माणसं घरीच. कमानीखाली गाडी बंद करून रखमाजी उतरला आणि बायाबापड्या जमेपर्यंत मुद्दाम थांबला. बनाबाई आली. मागं धनाजी, मोबाईल हातात.

"समदे बघा," रखमाजी म्हणाला. "तीच गाडी, तीच फुलं, तीच जागा. त्या दिवशी बंद पडली ती पेट्रोलच्या नळीपायी. दोष गाडीचा व्हता, माजा व्हता. आता नळी नीट केलीया. बघा."

सेल्फ मारला. गाडी अशी चालू झाली की जशी वाटच बघत होती. एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या. रखमाजीचं तोंड मी तेव्हा बघितलं. लग्नात बांधला होता तो फेटा पुन्हा बांधल्यासारखा ताठ उभा होता माणूस.

बनाबाईनं मान हलवली. "व्हय की," म्हणाली. "झटक्यात झाली चालू."

"मग?"

"मग काय? आमी तेच म्हनत व्हतो न्हवं? ती बसली व्हती तवा बंद पडली. आज ती न्हाई, तर बघा."

रखमाजीनं गाडी बंद केली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो बाई, काही जनाची नाही तर मनाची! पहिल्यांदा ही गाडी चालू झाली ती तिच्याच हातानं!" पण माणसं आधीच माना डोलवत होती. "खरंय की, ती न्हाई तर चालू झाली." एकाकडून दुसऱ्याकडं गेलं, आणि बघता बघता वाडीचं ठरून गेलं. ज्यानं पोरगी सुटायची, त्यानंच तिला बांधून टाकलं. धनाजी मोबाईलकडं बघत होता. मी त्याला नावानं हाक मारली तर आत निघून गेला.

बनाबाईनं गाडीच्या दिव्यावरून हात फिरवला. "सोडचिठ्ठीचा कागद करायला वकील गाठलाय आमी, तुमच्याच भोरात. तुळशीचं लगीन झालं की धनाजीचं दुसरं बघायचं. रखमाजीदादा, गाडी आता नीट झालीया, तर वरातीला हीच द्या की."

चेष्टा नव्हती हो. बाई मनापासून मागत होती. चेष्टा असती तर मी तिच्या झिंज्या धरल्या असत्या. पण त्या साधेपणापुढं हात कसा उचलणार?

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. नसरापूर गेलं, भोर आलं. माझ्या मनात एकच, ती दाराशी ठेवलेली बॅग. पोरगी विचारणार, चालू झाली का? झाली म्हटलं की विचारणार, मग काय म्हणाले? आणि ते सांगितलं की ते नाव तिला कायमचं चिकटणार.

आमच्या गल्लीच्या वळणाआधी त्यानं गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"उतर," म्हणाला.

"काय झालं? अडली का?"

"अडली न्हाई. उतर आन् धक्का मार."

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. तो स्टिअरिंगकडं बघत म्हणाला, "तिला सांगायचं, तितं बी बंद पडली. समद्या वाडीसमोर. ती न्हवती तरी बंद पडली. घटकाभरानं कशीबशी चालू झाली, हितवर आली आन् पुन्हा बसली. कळलं?"

"आणि तुमचं नाव? गल्ली बघेल ना सगळी."

"नाव घाल चुलीत."

मग आम्ही ढकलली. तो दारातून एक हात आत घालून स्टिअरिंग धरून, मी मागून. चांगली चालू गाडी. माझे गुडघे बोंबलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते गुडघ्यांमुळं असं लोकांना वाटावं म्हणून मी मोठ्यानं कण्हत होते.

नूतन आवाज ऐकून बाहेर आली. गाडी बघितली. रस्त्यात मधोमध उभी राहिली.

"मामा, काय झालं?"

"काय व्हायचंय? कमानीखाली बंद पडली पुन्हा. सारी वाडी हसली."

ती जवळ आली. "मी नव्हते तरी?"

"तू कुठं व्हतीस? गाडीच अवलक्षनी हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. "मामी, ते कुणाला हसले?"

"ह्यांना," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाला हसणार?"

तिनं ओढणी कमरेला खोचली, मला बाजूला सारलं आणि गाडीला पाठीमागून दोन्ही हात लावले. ढकलता ढकलता ती हसायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदा. अशी हसली पोरगी, खोकला येईपर्यंत, आणि मधेच म्हणाली, "बाई गं, नुसती गाडीच होती." मी तोंड फिरवलं.

कोपऱ्यावरचा टपरीवाला, ज्यानं रखमाजीची फुशारकी वर्षानुवर्षं चहाबरोबर ऐकली होती, तो बाहेर येऊन उभा राहिला. असा मोका तो कशाला सोडतोय! "काय रखमाभाऊ," तो ओरडला, "तुमच्या हाताखालनं गेलेली गाडी न्हाई म्हनत न्हाई ना?"

रखमाजीनं स्टिअरिंगवरचा हात सोडला नाही.

"न्हाई होत बाबा चालू," तो म्हणाला. "मला न्हाई जमली."